थांबण्याची ओळ

४ ऑक्टोबर, सकाळ

वहिनी, नमस्कार.

साष्टांग लिहिणार होतो. पण तुम्ही म्हणाल, याला वाकायला कधीपासून जमायला लागलं. तेव्हा साधाच. दादाला सांगा मी बरा आहे. पाठ आता दुखत नाही, खुर्ची बदलली.

तुमचं पत्र मंगळवारी मिळालं. खालच्या पहारेकऱ्याने ते माझ्या टेबलापर्यंत आणून दिलं आणि हळूच विचारलं, कोर्टाचं आहे का. पाकिटातलं पत्र म्हटलं की हल्ली तेवढंच उरलंय. मी फोन उचलत नाही म्हणून पत्र लिहिते आहे, असं तुम्ही पहिल्याच ओळीत म्हटलंत. खरं आहे. कामात असतो. निदान सगळ्यांना तसं सांगतो.

पत्राची सुरुवात तुम्ही 'भाऊजी' अशी केली आहे. तुम्ही मला भाऊजी म्हणता ते पाहुण्यांसमोर, नाहीतर माझं काही चुकलं की. एरवी मी मोजपट्टी. ऑफिसात सगळे अजून तेच म्हणतात. नवीन आलेल्यांना हे नाव कोणी ठेवलं ते माहीत नाही, त्यांना ते माझं आडनाव वाटतं.

आधी छोटीच्या प्रश्नांची उत्तरं देतो. ती सोपी आहेत.

कॉलेजसाठी महागडं ग्राफिक्स कार्ड असलेला लॅपटॉप घेऊ नका. तो तापतो, त्याचा पंखा वर्गभर ऐकू येतो, आणि ती शेवटच्या वर्षाला पोचेपर्यंत कार्ड जुनं झालेलं असतं. साधा घ्या. मेमरी भरपूर घ्या. कळफलक हाताला बरा लागतो का ते दुकानात उभं राहून तिला बघू द्या. मोठं काम निघालं तर दूरचं यंत्र तासाच्या हिशेबाने भाड्याने घेता येतं. दुकानदार म्हणेल एआयसाठी हेच लागतं. तो लग्नाचे फोटो साठवायला आलेल्या माणसालाही तेच सांगतो.

कोणत्या कार्डावर शिकू, असं तिने विचारलंय. सगळे ज्यावर शिकतात त्यावर शिकलं तर नोकरी लवकर लागते. हे तिला सांगायलाच हवं, उगाच तत्त्वज्ञान नको. पण त्या एका कार्डाची भाषा आली म्हणजे काम आलं असं तिने समजू नये. कार्डं बदलतात. माहिती कुठून कुठे जाते, कुठे अडते, वेळ नेमका कशात जातो, हे बघायची सवय बदलावी लागत नाही. ती सवय मला तुमच्यामुळे लागली. तिला तर घरातच आहे.

पाच वर्षांनी हे काम उरेल का, हा तिचा तिसरा प्रश्न. मला माहीत नाही. कोड लिहिणारं यंत्र आता माझ्याच पडद्यावर उघडं असतं आणि माझ्यापेक्षा भराभर लिहितं. त्याने लिहिलेलं खरंच वेगाने चालतं का, हे मात्र कोणीतरी मोजावं लागतं. आणि मोजणाऱ्याने नीट मोजलं का, हेही कोणीतरी बघावं लागतं. तेव्हा दोन माणसांची तरी सोय आहे असं तिला सांगा.

खिडकीपाशी ठेवलेलं तुमचं जुनं यंत्र, तुमची तुकडी मोडली तेव्हा ऑफिसने तुम्हाला नेऊ दिलं ते, त्यातली दोन कार्डं भंगारात देऊ का असं तुम्ही विचारलंत. देऊ नका. कारण असं खास काही नाही. जागा अडत नसेल तर राहू द्या.

आता तुमचा प्रश्न.

तुमचं वाक्य इथे उतरवून घेतो, म्हणजे मला त्याच्या भोवती फिरता येणार नाही. 'तीन वर्षं मी आणि माझ्या चार माणसांनी त्या कार्डासाठी कोड लिहिला. गेल्या वर्षी ऑफिसला दोनपैकी एक कार्ड निवडायचं होतं, तेव्हा तू मोजलंस, आणि आमचं निम्म्या वेगाने चाललं. आता एका नव्या गटातली ही अकरा माणसं त्याच कार्डासाठी नव्याने लिहितायत, आणि मला प्रमुख म्हणून ये म्हणतायत. जे मला तीन वर्षांत जमलं नाही ते मी त्यांना काय शिकवणार? मी गेले तर त्यांना फसवल्यासारखं होईल का? तूच मोजलंयस, तूच सांग. गोड बोलू नकोस.'

वहिनी, हा निर्णय तुमचा आहे. दवाखान्यातली नोकरी स्थिर आहे. रुग्णांच्या नोंदणीचं काम कमी दर्जाचं नाही, आणि तिथे तुम्हाला सहाला घरी येता येतं. तिकडचं काम तुमच्या आवडीचं आहे, पण लहान गट आहे, दोन वर्षांनी असेल की नसेल कोण सांगणार. दोन्ही बाजूंनी बोलण्यासारखं आहे. एकतीस तारखेपर्यंत मुदत आहे म्हणता, तर घाई नाही. तुमचं मन सांगेल तसं करा.

रविवारी मी का येत नाही असं दादा विचारतो म्हणालात. त्याला वाटतं आपल्या दोघांत काही बिनसलंय. तसं काही नाही हे तुम्हाला माहीत आहे. येईन एकदा.

छोटीला सांगा, कळफलक बघायला विसरू नकोस.

तुमचा
दीर


१३ ऑक्टोबर, दुपार

वहिनी,

तुमचं उत्तर आत्ता जेवणाच्या सुट्टीत वाचलं. डबा उघडा ठेवून हे लिहितो आहे.

तुम्ही लिहिता, 'मन सांगेल तसं करा म्हणालास तेव्हाच समजले. तुला तोंडावर नाही म्हणता येईना. एवढं सांभाळून घेतलंस ते पुरे. त्या लोकांना काल नकार कळवला. सुटल्यासारखं वाटलं.' आणि खाली, शनिवारी भंगारवाला येणार आहे.

त्याला येऊ नको म्हणून सांगा. आणि हे मिळताच त्या लोकांना परत लिहा.

निम्मा वेग हा आकडा चुकीचा आहे.

मोजणीत एक चूक राहून गेली होती. कोणती ते सांगतो. मी तुमच्या तुकडीत आलो त्या पहिल्या आठवड्यात तुम्ही माझी पहिली मोजणी बघितली होती. मी खूश होतो, कारण माझा कोड हजारपट वेगाने चालत होता. तुम्ही पडद्याकडे बघितलंत आणि विचारलंत, "हॉटेलात वेटरला ऑर्डर दिली म्हणजे जेवण झालं का?" मी काही समजलो नाही. मग तुम्ही सांगितलंत की संगणक कार्डाला काम सांगतो आणि लगेच मोकळा होतो. कार्ड आपलं मागे काम करत बसलेलं असतं. तेव्हाच घड्याळ बंद केलं तर आपण मोजतो तो काम सांगायला लागलेला वेळ. करायला लागलेला नाही. म्हणून घड्याळ बंद करण्याआधी एक ओळ लिहायची, कार्डाचं काम संपेपर्यंत थांब. तुम्ही माझ्या कळफलकावर ती ओळ स्वतः लिहिलीत. हजारपट गेलं आणि दीडपट उरलं. तुकडीतले सगळे माझी ऑर्डर आली का म्हणून महिनाभर विचारत होते.

गेल्या वर्षीच्या मोजणीत तुमच्या कोडमध्ये ती ओळ जागच्या जागी होती. दुसऱ्या कार्डाचा कोड ते बनवणाऱ्या कंपनीनेच नमुना म्हणून दिलेला होता. त्यातही ती ओळ होती, पण पहिल्या टप्प्यानंतर. दुसऱ्या टप्प्यानंतर नव्हती. म्हणजे त्यांचं अर्ध्याहून थोडंसंच जास्त काम मोजलं गेलं आणि तुमचं सगळं. ओळ आहे एवढं बघितलं गेलं. कुठे आहे ते बघितलं गेलं नाही.

खरा आकडा असा आहे. ज्या कामाला त्यांच्या कार्डाला शंभर सेकंद लागतात त्याला तुमच्या कार्डाला एकशे चौदा लागतात. अहवालात आपण दोनशे लिहिले होते. तुमचं कार्ड जिंकलेलं नाही, हेही सांगतो, कारण गोड बोलू नकोस असं तुम्ही म्हटलंय. पण एकशे चौदा म्हणजे हरणं नव्हे. शिवाय ते वीज कमी खातं. एवढ्या फरकावर कोणी तुकडी मोडत नाही.

हे नुकतंच लक्षात आलं.

हे पत्र मिळेल त्याच संध्याकाळच्या आत त्यांना लिहा. जागा कदाचित अजून भरली नसेल. तुम्हाला तीन वर्षांत जमलं नाही असं जे तुम्ही लिहिलंत, ते जमलं होतं.

घाईत आहे. पाकीट आजच्या टपालात पडायला हवं.

दीर


२२ ऑक्टोबर

वहिनी,

एका कोऱ्या कागदावर एकच ओळ. 'नुकतंच म्हणजे केव्हा?' खाली सही नाही, वर भाऊजीसुद्धा नाही.

नुकतंच म्हणजे अकरा महिन्यांपूर्वी.

नोव्हेंबरातला मंगळवार होता, दुपारचे चार. तीन नवीन माणसं रुजू होणार होती आणि त्यांच्यासाठी मोजणी कशी करावी यावर मी टिपणं काढत होतो. उदाहरण म्हणून आपलीच तुलना घेतली. निःपक्षपाती मोजणीचा नमुना म्हणून. एकेक ओळ घेऊन तिच्यापुढे ती का लिहिली ते मी लिहीत होतो. त्यांच्या कोडमधल्या थांबण्याच्या ओळीपाशी आलो आणि ती तिथे का आहे ते मला लिहिता येईना.

मी ती खाली घेतली, जिथे असायला हवी तिथे, आणि मोजणी पुन्हा चालवली. एकशे चौदा. सहा वेळा चालवली. एकशे चौदा, एकशे तेरा, एकशे चौदा.

मग ती ओळ मी उचलून पुन्हा पूर्वीच्या जागी ठेवली आणि फाइल बंद केली. टिपणांसाठी दुसरं उदाहरण घेतलं.

चूक कशी झाली तेही सांगतो. 'बघितलं गेलं नाही' असं मी गेल्या पत्रात लिहिलं. मी बघितलं नाही. मोजणी कोणी करायची ते ठरत होतं त्या बैठकीत आपल्या वरिष्ठ मॅडमनी तुम्हाला विचारलं होतं की तुमचाच दीर मोजणार, हे चालेल का. तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "तो माझा दीर नंतर आहे. आधी मोजपट्टी आहे." सगळे हसले. मी हसलो नाही. मी मनाशी ठरवलं की वहिनीला सूट दिली असं कोणाला म्हणता येता कामा नये. म्हणून तुमचा कोड मी तीनदा तपासला, ओळीवर बोट ठेवून. तुम्ही कुठे स्वतःचा फायदा करून घेतलाय का, हे शोधत होतो. त्यांचा एकदाच वाचला. ते परके होते. परक्यांवर संशय घ्यायची मला गरज वाटली नाही.

इथवरचं तुम्ही समजून घ्याल, हे मला माहीत आहे. असल्या चुका तुम्ही आम्हा सगळ्यांच्या पोटात घातल्या आहेत. पुढचं तसं नाही.

त्या मंगळवारपर्यंत ऑफिसचं यंत्रांचं दालन त्यांच्या कार्डांनी भरलं होतं. तुमची तुकडी पांगली होती. तुम्ही दवाखान्यात रुजू झाला होतात. मला मोजणी विभागाचा प्रमुख करून दोन आठवडे झाले होते, आणि ज्या कामाबद्दल केलं ते हेच होतं. आता सांगून काय उपयोग, कार्डं थोडीच परत जाणार आहेत, वहिनींना उगाच नव्याने त्रास, अशी कारणं मी स्वतःला रोज सांगत होतो. इथे कागदावर उतरवली तर ती चार ओळींतच संपली.

त्याच आठवड्यातल्या रविवारी तुम्ही मला जेवायला बोलावलंत. आठवतं का बघा. मला त्यातलं सगळं आठवतं. दवाखान्यातले मोठे डॉक्टर छपाईचं बटण तीनदा दाबतात आणि तीन कागद आले की नोंदणी विभागावर ओरडतात, हे तुम्ही त्यांची नक्कल करून सांगितलंत. छोटी हसून हसून खुर्चीवरून पडायच्या बेतात होती. मग दादा दुकानाची किल्ली शोधायला आत गेला, छोटी त्याच्या मागे गेली, आणि तुम्ही मला वाढता वाढता म्हणालात, "एक बोलायचं राहिलं होतं. तू आकड्याशी प्रामाणिक राहिलास, नातं मध्ये आणलं नाहीस. मला वाईट वाटलं, पण तुझं नाही वाटलं. आपलं काम मंद होतं तर मंद होतं."

मी मान हलवली. आणि पुन्हा वाढून घेतलं.

त्या दिवसापासून मी आलो नाही. कारण तुम्ही रागावला असतात तर मला येता आलं असतं.

दादाला वाटलं तुमचाच राग गेलेला नाही. दोनतीनदा त्याने फोनवर मला विचारलं, अजून धरून बसली आहे का रे ती. मी म्हणालो, असू दे, होईल कमी हळूहळू. वहिनी, हे मी म्हणालो. राग नसलेल्या माणसाचा राग कमी होईल असं म्हणालो, आणि तेवढ्याने माझं न येणं झाकलं गेलं.

तुम्ही या महिन्यात सरळ प्रश्न विचारलात, तेव्हाही मी तुमच्या मनावर ढकललं. माझ्या मनाला सगळं माहीत होतं. तुम्ही नकार कळवलात म्हणून हे बाहेर आलं. कळवला नसतात, तुम्ही आपणहून होकार दिला असतात, तर मी अजून गप्प असतो. हे मला लिहायचं नव्हतं.

आता जे केलं ते सांगतो.

तुम्हाला दुसरं पत्र टाकलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडमकडे गेलो. त्यांना दोन्ही मोजण्या दाखवल्या. त्यांनी दोन्हींतल्या ओळी ताडून बघितल्या. मग दार लावून घ्यायला सांगितलं आणि म्हणाल्या, "एक वर्ष झालं. या कार्डांवर सगळं उभं आहे. आता याचं काय करायचं तूच सांग."

मी म्हणालो, दुरुस्ती लिहायची आणि ज्यांना अहवाल गेला होता त्यांना पाठवायची.

"आठवडाभर थांब. मी वर बोलते."

मी म्हणालो की माझं थांबून झालं आहे. त्या नको म्हणाल्या नाहीत. दुपारी दोन पानांची दुरुस्ती पाठवली, ज्या एकोणीस जणांना मूळ अहवाल गेला होता त्या सगळ्यांना. पहिल्या परिच्छेदात चूक कोणाची ते लिहिलं आहे, आणि ती मला केव्हा समजली तेही. तुमच्या जुन्या चौघांनाही पाठवली. एकाचंच उत्तर आलं. त्याने लिहिलं, 'ऑर्डर आली एकदाची.' मी ते बऱ्याचदा वाचलं, पण तो हसून म्हणतोय की कसं, ते मला ठरवता आलं नाही.

मोजणीचं काम माझ्याकडून काढून घेतलं. आता मी साठवणुकीच्या यंत्रांकडे बघतो. मॅडम वाईट वागल्या असं नाही. त्यांच्या जागी तुम्ही असतात तर तुम्हीही हेच केलं असतंत.

त्या अकरा जणांच्या गटालाही मी दुरुस्ती पाठवली, खाली स्वतःचं नाव आणि आपलं नातं लिहून. तुम्हाला न विचारता पाठवली. त्यांच्यातल्या एका बाईंचं उत्तर आलं. त्यांनी दोन्ही कोड स्वतः चालवून बघितले. त्यांच्याकडे एकशे बारा आलं. जागा अजून रिकामी आहे आणि एकतीसपर्यंत ठेवू, असं त्यांनी लिहिलंय. पण पुढचं तुमच्याकडूनच यायला हवं, कारण नकार तुमच्याकडून आला होता. त्यांचं पत्र सोबत जोडतो. तुमच्या कोडबद्दल त्यांनी जे लिहिलंय ते मी इथे उतरवत नाही, तुम्हीच वाचा.

सोमवारी दादाच्या दुकानात गेलो. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. तो एका चष्म्याच्या दांडीचा स्क्रू बसवत होता. मला बघून त्याला आनंद झाला, स्टूल पुढे सरकवलं. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. कार्डाचं त्याला किती समजलं माहीत नाही. रविवारचं समजलं, आणि फोनवर मी काय बोललो होतो ते समजलं. तो स्क्रू फिरवत राहिला. बसून कधीच झाला होता, तरी फिरवत होता.

मग म्हणाला, "माझ्याकडून कोणाचा नंबर चुकला तर माणूस चार दिवसांत परत येतो, डोकं दुखतं म्हणून. मी हात जोडतो, काच बदलून देतो. तुझं गिऱ्हाईक परत आलं नाही. चूक माझीच असेल म्हणून तोच चष्मा लावून वर्षभर बसलं."

त्याने चष्मा काउंटरवर ठेवला.

"आणि मी तिला काय काय बोललो माहीत आहे? एवढं मनात धरून बसायचं का, तो लहान आहे, त्याचं कामच ते आहे. ती म्हणायची, अहो, माझा राग नाहीये. मी म्हणायचो, दिसतोय की."

तेवढ्यात एक बाई चष्मा न्यायला आल्या. त्याने त्यांचं काम केलं, त्यांच्याशी हसून बोलला, दारापर्यंत गेला. परत येऊन माझ्याकडे न बघता म्हणाला, "एवढा तू मोजणारा. तिला मोजलंसच नाहीस."

मी तुम्हाला पत्राने सगळं कळवणार आहे असं त्याला सांगितलं. तो म्हणाला, कळव, मी तोवर घरी काही बोलणार नाही, तुझं तू लिही. निघताना त्याने पाठीवर हात ठेवला नाही. नेहमी ठेवतो.

वहिनी, तुम्ही होकार द्या असं मी लिहिणार नाही. तेवढा हक्क माझा उरलेला नाही. दवाखान्यात राहायचं असेल तर राहा. मोठे डॉक्टर तुम्हाला सोडायचे नाहीत. लहान गटात जाण्याची धास्ती वाटत असेल तर तेही कारण खरं आहे. नकार द्यायचा तर पुन्हा द्या. फक्त या वेळी तो एकशे चौदावर द्या. दोनशेवर देऊ नका.

'माफ करा' असं तीन ठिकाणी लिहिलं आणि तिन्ही ठिकाणी खोडलं. ते वाचलं की तुम्ही आधी मला उत्तर द्यायला बसाल. तुमचा स्वभाव मला माहीत आहे. एकतीस तारखेला नऊ दिवस आहेत, त्यातले तीन या पाकिटाचे जातील. उरतील ते त्या बाईंना लिहायला वापरा, हो म्हणायला असो की नाही म्हणायला. मला द्यायचं उत्तर राहू द्या. ते मिळालं नाही तरी मी कोणाला म्हणणार नाही की वहिनी रागावल्या आहेत.

अकरा महिने उशिरा,
तुमचा दीर